चाळीस सेकंद मागचं लग्न

पुतण्याने नवी गाडी घेतली तेव्हा तिच्याबद्दल त्याने मला जे जे सांगितलं, त्यात इंजिनाचा उल्लेख सगळ्यात शेवटी आला, तोही मी विचारल्यावर. आधीचा अर्धा तास तो पडद्याबद्दल बोलत होता. जुन्या गाड्यांत जिथे रेडिओ आणि रेडिओच्या वर गणपती असायचा, तिथे आता शाळेच्या पाटीएवढा एक काळा चकचकीत पडदा उभा होता. त्यावर नकाशा दिसायचा, गाणी दिसायची, गाडी मागे घेताना मागची भिंत दिसायची. गणपती होता, पण पडद्याच्या वरच्या कडेला, जरा अंग चोरून बसलेला.

“टीव्ही घेतलास का गाडी?” मी विचारलं.

“काका, टीव्ही पण होतो त्याचा,” तो म्हणाला, आणि खिशातून काडेपेटीएवढी एक काळी डबी काढली. ही त्याने ऑनलाइन मागवलेली. ती गाडीच्या चार्जिंगच्या जागी खोचायची, फोन तिला जोडायचा, की फोनवरचा कुठलाही व्हिडिओ मोठ्या पडद्यावर चालू.

मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. न उघडलेलं पुस्तक दिसलं की हात आपोआप जातो. समोरच्या कप्प्यात गाडीचं माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलं होतं. ते मी काढून वाचलं. चालत्या गाडीत चालकासमोर व्हिडिओ दिसू नये अशी सोय कंपनीने मुद्दाम केली आहे, असं त्यात जाड अक्षरांत लिहिलं होतं. म्हणजे गाडी बनवणाऱ्यांनी एक सोय केली होती आणि डबी बनवणाऱ्यांनी ती सोय मोडायची सोय केली होती. मी हे पुतण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “काका, ते पुस्तक कुणी वाचत नसतं.” पडद्यावरचं पातळ प्लास्टिकही त्याने अजून काढलेलं नव्हतं. त्याच्या मते ते काढलं की गाडी जुनी होते.

या गाडीची पहिली मोठी सफर म्हणजे माझ्या भाचीचं लग्न. आम्ही दोघे भाऊ आणि एक धाकटी बहीण. बहीण सिल्लोडजवळच्या एका गावात दिलेली आहे. घरची शेती, कापूस आणि मका. थोरल्या भावाला आम्ही आण्णा म्हणायचो. ते, म्हणजे या पुतण्याचे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले.

आमच्याकडे मुलीला मांडवात आणतो तो मामा. मंगलाष्टका चालू असताना तिच्या पाठीमागे उभा राहतो तोही मामाच. तिथे त्याला करायचं काही नसतं. फेटा बांधून, तिच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं उभं राहायचं. पण ती जागा मोकळी राहिली तर सगळ्या मांडवाला दिसते, आणि दुसराच कोणी उभा राहिला तर त्याहून जास्त दिसते. बहिणीच्या मोठ्या मुलीच्या लग्नात आण्णा उभे होते. शेवटची मंगलाष्टका संपेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्या वेळी आइस्क्रीमच्या टेबलाजवळ होतो. अक्षता पडण्याआधी स्टेजवर किती मान्यवरांचे सत्कार झाले ते मी मोजले होते, सतरा. आणि अठराव्याच्या भाषणाला उठून बाहेर गेलो होतो. हा किस्सा मी नंतर बऱ्याच जणांना सांगितला, बहिणीसमोरही. ती हसली नव्हती.

या वेळी लग्नाच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला.

“भाऊ, मोठीच्या वेळंला आण्णा होता. आता तूच हायेस.”

“येतो की. मी कधी आलो नाही?”

“येतोस. पण कधी येतोस आन् कधी जातोस, ते बी माहीत हाय मला. या वेळंला तू तिच्या मागं उभा पाहिजेस. दुसरं काय मागत नाय.”

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पत्रिका आली. लग्नपत्रिका हा वाङ्मयप्रकार मी आवडीने वाचतो. आधी देव, मग मान्यवर. मान्यवरांची प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, शुभ उपस्थिती आणि नुसती उपस्थिती अशी उतरंड. नवरा-नवरी शोधावे लागतात. खाली ज्यांना अजून बोलता येत नाही अशा लेकरांच्या नावाने आग्रहाचं आमंत्रण, आणि सगळ्यात शेवटी, लग्न वेळेवर लागेल. ही ओळ छापखान्यात कायमची तयार असते. कोणी सांगितली नाही तरी येते. ती खरी झालेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

तरी या लग्नात एक वेगळी गोष्ट होती. मुलाचे वडील. हे गृहस्थ वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर. तीस वर्षं भोंग्यावर उठलेले आणि भोंग्यावर जेवलेले. साखरपुड्यातच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पावणं, बारा पस्तीस म्हणजे बारा पस्तीस. सत्कार नाय, भाषण नाय. अक्षता टाकायच्या, जेवायचं, निघायचं.” मी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही.

हळदीला आम्ही आदल्या दिवशी दुपारी जाऊन आलो. निघताना बहीण म्हणाली, “मुक्काम कर की.”

“डीजेच्या आवाजात झोप लागत नाही मला. सकाळी येतो.”

“बरं,” ती म्हणाली. माझ्या बहिणीचं ‘बरं’ तीन-चार प्रकारचं असतं. हे त्यातलं कोणतं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

लग्नाच्या सकाळी बायको म्हणाली, “नऊला निघू.” मी हिशेब मांडून दाखवला. पत्रिकेत बारा पस्तीस. म्हणजे लग्न पावणेदोनच्या आत लागणार नाही. दीड तासाचा रस्ता. अकराला निघालो तरी आपण पत्रिकेच्या वेळेला पोचू आणि पुढे तासभर खुर्च्या मोजत बसू. बायकोने पुतण्याकडे पाहिलं. तो बादलीतल्या पाण्याने गाडीची चाकं धूत होता. म्हणाला, “काकू, काकांचं बरोबर आहे. वेळेवर लग्न कुठं लागतं?” मी वडीलधारा, तो कमावता, दोघांचं एकमत झाल्यावर ती थांबली आणि अकराला आहेराची पिशवी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. पिशवीत साड्या होत्या, टोप्या होत्या आणि पांढरे टॉवेल होते.

शहराबाहेर पडताना हर्सूल ओलांडायलाच वीस मिनिटं गेली. लग्नाची तिथ दाट होती. सिल्लोडच्या रस्त्यावर जेवढी म्हणून लॉन्स आहेत त्या सगळ्यांच्या कमानी सजल्या होत्या. बारा वाजता आम्ही फुलंब्रीच्या पुढे कसेबसे आलो आणि थांबलो. समोर कोणाचा तरी परण्या, म्हणजे मांडवाकडे निघालेली नवरदेवाची वरात, चालला होता. नवरदेव उघड्या जीपमध्ये, पुढे डीजेचा ट्रक आणि ट्रकपुढे अख्खा रस्ता भरून नाचणारी वऱ्हाडी मंडळी. मागे एसटी, मक्याचे ट्रॅक्टर, तीन-चार जीपा आणि आम्ही. कोणी हॉर्नही वाजवत नव्हतं. नवरदेवाला घाई नव्हती, म्हणजे कोणालाच असण्याचं कारण नव्हतं. मी बायकोला म्हणालो, “बघ. यांचं लग्न केव्हा असेल? बाराचंच असणार.”

तेवढ्यात पुतण्याच्या फोनवर घरच्या ग्रुपमध्ये निरोप आला. लग्न थेट बघण्याची लिंक. खाली लिहिलं होतं, ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी.

“लावू का काका?” पुतण्या म्हणाला. गाडी उभीच होती. त्याने डबी खोचली, फोनवर बोटं फिरवली, आणि प्लास्टिकखालच्या त्या पडद्यावर आमच्या भाचीच्या लग्नाचं स्टेज उजळलं. चित्र खरोखर स्वच्छ होतं. झेंडूच्या माळा, लाल खुर्च्या आणि एका खुर्चीत फेटा-बाशिंग बांधलेला नवरदेव.



“नवरदेव स्टेजवर?” बायको म्हणाली.

“रेकॉर्डिंग असंल काकू. कालचं.”

“काल कशाला बाशिंग बांधून बसंल तो?”

पडद्यावर मुलाचे वडील आले. त्यांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं, समोरच्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि कोणाला तरी हाताने खूण केली. खुर्च्या भरलेल्या होत्या. मग निवेदकाचा आवाज आला. निवेदक म्हणजे बहिणीच्या गावातले शाळेचे गुरुजी. त्यांच्या स्वतःच्या आवाजातही आश्चर्य होतं. ठीक बारा वाजून पस्तीस मिनिटांनी अक्षता पडतील, सर्वांनी जागेवर बसून घ्यावं, असं ते म्हणाले. बारा दहा झाले होते. आम्ही तीस किलोमीटर लांब होतो.

वरात इंच-इंच सरकत होती आणि तिच्यामागे आम्ही. पुतण्याचे डोळे पडद्यावर. एकदा पुढच्या ट्रॅक्टरची ट्रॉली इतकी जवळ आली की तिच्या मागे लिहिलेलं आई-वडिलांचा आशीर्वाद मला चष्म्याशिवाय वाचता आलं. मी म्हणालो, “बंद कर ते. पुस्तकात लिहिलंय.”

“नको काका. काय चाललंय ते कळलं तरी पाहिजे.”

त्याचंही खरं होतं. मी मागे हात करून बायकोकडून आहेरातला एक टॉवेल घेतला, उलगडला, आणि पडदा आणि पुतण्या यांच्या मधे दोन्ही हातांनी उभा धरला. आता माझ्या बाजूने लग्न दिसत होतं आणि त्याच्या बाजूने रस्ता.

“अंतरपाट धरलाय जसा,” बायको मागून म्हणाली.

यानंतरचा प्रवास मी असाच केला. पुतण्या टॉवेलपलीकडून विचारायचा, “काका, काय चाललंय?” आणि मी सांगायचो. भटजी आले. आंब्याचे टहाळे बांधतायत. पुढच्या सोफ्यावर मान्यवर बसलेत, सगळे गप्प आहेत, कोणी त्यांना विचारत नाहीये. तुझी आत्या दिसली, हिरवी साडी. आत्या आता कमानीकडे बघतेय. परत कमानीकडे बघतेय.

मग पडद्यावरचं लग्न गेलं आणि तिथे ‘आत्या’ अशी मोठी अक्षरं आली. फोन आला की व्हिडिओ जायचा. बहिणीचा आवाज गाडीच्या चारही कोपऱ्यांतून आला.

“कुठं पोचला भाऊ?”

आमच्या भागात या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. माणूस घरातून निघाला नसला तर तो निघालेला असतो, आणि निघाला असला तर पोचलेला असतो. हे इतकं रूढ आहे की त्याला कोणी खोटं म्हणत नाही. ऐकणारा आपल्या मनाने त्यात अर्धा तास मिळवून घेतो. मी म्हणालो, “आलोच. आळंद ओलांडलं. वीस मिनिटं.”

“बँड कशाचा वाजतोय?”

“रस्त्याने चाललाय कोणाचा तरी.”

“बरं. मी सांगते मग यांना, वीस मिंटं थांबा म्हणून. तू म्हणतोस म्हणून सांगते.”

फोन बंद झाला. लग्न परत पडद्यावर आलं. आणि त्यात माझी बहीण फोन कानाला लावून उभी होती.

“परत कोणाला लावला हिने?” मी म्हणालो.

“कोणाला नाही काका. हा आपलाच फोन. लाइव्ह म्हणजे अगदी लाइव्ह नसतं. चाळीस सेकंद मागं चालतं ते.”

स्टेजच्या पायरीशी ती उभी होती. एका कानाला फोन, दुसऱ्यावर तळहात. ओठ हलले, हे म्हणजे कुठं पोचला. मग ती ऐकत राहिली. मी आळंद ओलांडलं होतं ते या वेळी. तिच्या कपाळावरची आठी गेली. चेहरा सैल पडला, लहानपणी शाळेतून नेताना मी वेळेवर आलो की पडायचा तसा. मग बँडचा प्रश्न. तेवढ्यापुरती ती थबकली आणि मग तिने मान हलवली, स्वतःशीच, आपण उगाच शंका घेतली असं म्हणावं तशी. फोन पदराखाली ठेवून ती मुलाच्या वडिलांकडे गेली. हात जोडल्यासारखे करून काही बोलली. त्यांनी घड्याळ पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण मान डोलावली. मग तिने टेबलावरून एक फेटा उचलला, तो झटकला, नीट केला आणि नवरीच्या पाटामागे जी खुर्ची ठेवली होती तिच्यावर नेऊन ठेवला.

खोटं बोलणाऱ्याला ते ऐकणाऱ्याचं तोंड बघायला लागू नये, ही सोय फोनने आजवर चोख सांभाळली होती. त्या काडेपेटीएवढ्या डबीने तीही मोडली.

टॉवेल धरून माझे हात भरून आले होते. बायकोने ते सगळं मागून पाहिलं होतं. तिने मला काही सुनवावं असं वाटत होतं.

“लाव परत आत्याला,” मी पुतण्याला म्हणालो.

“कशाला काका? सगळे असंच सांगतात.”

“लाव.”

तिने पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणालो, “मघाशी खोटं सांगितलं. फुलंब्रीच्या पुढंच अडकलोय. पाऊण तास लागेल, जास्तच. तू थांबवू नकोस लग्न. आपल्या चुलतभावाला उभं कर तिच्या मागे. चूक माझी आहे. काल राहायला पाहिजे होतं.”

 ती म्हणाली, “बरं.” आणि फोन ठेवला.

पुन्हा पडदा. पुन्हा ती, चाळीस सेकंद मागची, फोन कानाला लावून. मला टॉवेल पुतण्याच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला धरावासा वाटला. पण बघितलं. ती ऐकत होती. चेहऱ्यावर राग आला नाही. काहीच आलं नाही. फोन खाली घेतला आणि ती काही वेळ नवरीच्या पाटामागच्या खुर्चीकडे बघत राहिली. आमचा चुलतभाऊ तिथेच दोन पावलांवर, फेटा बांधून तयार उभा होता. तो कोणत्याही लग्नात कोणत्याही जागी तयारच असतो. मुलाचे वडील लांबून घड्याळावर बोट मारून दाखवत होते. ती दोघांकडेही गेली नाही. ती गेली निवेदकाकडे, आणि गुरुजींच्या कानात काहीतरी बोलली.

गुरुजी दचकले. त्यांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. तिने एकदाच मान हलवली. गुरुजींनी घसा साफ केला, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. इतका वेळ दाबून ठेवलेला माणूस मोकळा झाला. या मंगल प्रसंगी आपल्यात उपस्थित असलेल्या मान्यवरांचा यथोचित सत्कार केल्याशिवाय हा सोहळा पूर्ण होऊ शकत नाही, असं ते म्हणाले.

मुलाचे वडील ताडकन उठले. पण उशीर झाला होता. सोफ्यावरचे पहिले मान्यवर आधीच स्टेजवर चढले होते आणि त्यांच्या खांद्यावर शाल पडली होती. एकदा शाल पडलेल्या माणसाला बसवणं आमच्या तालुक्यांत अजून कोणाला जमलेलं नाही. भोंग्यावर जगलेल्या त्या गृहस्थांनाही हे ठाऊक असणार. ते पुन्हा खुर्चीत बसले.

“काका, काय झालं?” पुतण्या.

“सत्कार सुरू झाले.”

“आत्यानं लावले?”

“तुझ्या आत्यानं लावले.”

त्याच सुमारास समोरचा परण्या एका लॉनच्या कमानीत वळला आणि रस्ता मोकळा झाला. बारा पस्तीस झाले होते. पुतण्या रस्त्यावर लक्ष ठेवून गाडी चालवू लागला. टॉवेल मी सोडला नाही. मागून बायको विचारत होती, “कितवा?”

“तिसरा. शाल घेतली. नारळ घेतला. बोलत नाही वाटतं. नाही, माइक मागतोय.”

“देव पावला.”

मी आयुष्यात बरीच भाषणं टाळली. सभागृहात शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसण्याची माझी सवय आहे. मान्यवर या जमातीबद्दल मी चार लेख लिहिले आणि त्यांतला एकही प्रेमाने लिहिलेला नव्हता. त्या दिवशी मी एक टॉवेल दोन्ही हातांत धरून मनापासून इच्छा करत होतो की हे लोक बोलत राहोत. दुसऱ्या मान्यवरांनी सिंचनाबद्दल बोलायला सुरुवात केली तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिसऱ्यांनी मुलीचं घराणं आणि मुलाचं घराणं यांची ओळख करून दिली. दोन्ही घराण्यांना ती आधीच होती, पण मी अडवलं नसतं. चौथे उठले ते पत्रिकेत प्रमुख उपस्थितीत होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, आज बोलण्याचा प्रसंग नाही, मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे.

“संपलं,” मी म्हणालो. “हा दोनच शब्द म्हणतोय.”

“काळजी नका करू,” बायको मागून म्हणाली. “दोन शब्द म्हणजे अर्धा तास. लेख कसले लिहिले तुम्ही?”

आळंद आलं, म्हणजे या वेळी खरंच आलं, आणि नेटवर्क गेलं. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. त्यामागे प्रमुख उपस्थिती थिजली होती. एक हात वर आणि तोंड उघडं.

“काका?”

“दिसत नाही. पण तोंड उघडं आहे.”

“मग चालू असंल,” पुतण्या म्हणाला. पुढचं भवन गाव येईपर्यंत आम्ही त्या उघड्या तोंडाच्या भरवशावर होतो.

भवनच्या पुढे चित्र हललं. ते बोलतच होते. आमच्या लग्नाच्या लॉनच्या कमानीपाशी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. काच खाली केली तर लाऊडस्पीकरवरून त्यांचं एक वाक्य ऐकू आलं. गाडी उभी करून, आहेराची पिशवी काढून होईपर्यंत तेच वाक्य पडद्यावर आलं. गाडीतले मान्यवर स्टेजवरच्या मान्यवरांच्या चाळीस सेकंद मागे होते. दोघांच्या म्हणण्यात त्याने काही फरक पडत नव्हता.

बहीण नवरीच्या खोलीच्या दारात उभी होती. हातात फेटा. खुर्चीवरून तिने तो उचलून आणला होता, किंवा चुलतभावाच्या हातून सोडवून आणला होता. विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो. 

“वाक जरा,” ती म्हणाली. फेटा डोक्यावर ठेवून तिने दोन्ही बाजूंनी दाबला, जरा जास्तच. मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. तो तिथे होता हे मला माहीत नव्हतं.

“आण्णा असता तर काल झोपला असता इथं,” ती म्हणाली. “डीजेत बी झोपला असता.”

“झोपले असते,” मी म्हणालो.

“खरं सांगितलंस ते बरं केलं. नायतर वीस मिंटांनी मीच उभं केलं असतं त्याला.” चुलतभावाकडे तिने पाहिलंही नाही. “जा आता. ती वाट बघायली.”

मुलाचे वडील वाटेत भेटले. मी हात जोडले. ते म्हणाले, “पावणं, आमच्या कंपनीत गेट बंद झालं असतं.” मी म्हणालो, खरं आहे. त्यांनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा माझ्या बहिणीकडे. मग हळूच म्हणाले, “विहीणबाई मात्र सुपरवायझर व्हायला पाहिजे होत्या.”

भाचीला घेऊन मी लाल गालिच्याच्या टोकाशी उभा राहिलो. गुरुजींना खूण झाली होती, सगळी तयारी झाली होती, फक्त दोन शब्द संपत नव्हते. गुरुजी मान्यवरांच्या मागे जाऊन उभे राहिले. मान्यवरांना वाटलं ते ऐकायला आले. बहिणीने सुरू केलेली गोष्ट आता तिच्याही हातात राहिली नव्हती. मांडवातली लेकरं रडायला लागली होती. मी भाचीच्या खांद्यावर हात ठेवून भाषण ऐकत होतो. आधी कधी एखादं भाषण इतकं नीट ऐकल्याचं मला आठवत नाही. त्यात काही नव्हतं, पण ते व्यवस्थित बोलले.

“मामा,” भाची मुंडावळ्यांतून हळू आवाजात म्हणाली, “भाषण लागलं की तुम्ही उठून जाता ना? आई सांगत असती.”

“जातो.”

“मग आज?”

“आज उभाच आहे,” मी म्हणालो. “उठायचा प्रश्न नाही.”

ती हसली तशा मुंडावळ्या हलल्या.

दीड वाजता दोन शब्द संपले. गुरुजींनी जवळजवळ हिसकावूनच माइक घेतला आणि मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं असं जाहीर केलं. आम्ही गेलो. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. मी तिच्या मागे उभा होतो. समोर अंतरपाटाच्या कडेला बहीण उभी होती, मुठीत अक्षता. तिने वर पाहिलं, खुर्चीकडे नाही, माझ्याकडे, आणि तिचा चेहरा मघासारखाच सैल पडला. या वेळी मधे काही नव्हतं. ज्या क्षणी तो पडला त्याच क्षणी मला दिसला. माझ्या डोळ्यांचं पुढे काय झालं ते त्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. मी ते अजून उघडलेलं नाही.

अक्षता पडल्या. टाळ्या झाल्या, फटाके वाजले. सवयीने मी मनगटावर पाहिलं. पावणेदोन झाले होते, बरोबर पावणेदोन. म्हणजे सकाळी मी मांडलेला हिशेब चुकला नव्हता. हे मी त्या मांडवात कोणालाही बोललो नाही.